पाच गाठी पाणी

रायचूरजवळ, बोअरच्या गाडीवरून
९ फेब्रुवारी १९८६

घेण्यास नकार. एवढे दोनच शब्द, ते बी पोस्टमनच्या अक्षरात. म्हणजे दादा, नाही म्हणायला सुद्धा तू माझ्यासाठी स्वतःची शाई खर्चली नाहीस. मनीऑर्डर फिरून माझ्याच हातात आली तेव्हा एजंटाच्या हापिसात गाडीवरची सगळी पोरं होती. एकजण म्हणला, "का बे व्यंकटी, तुझ्या नोटा खोट्या हायत का?" मी म्हणलो, नोटा खऱ्या हायत, भाऊ लातूरच्या कलेक्टर कचेरीत साहेब हाय. कारकून म्हणलो नाही. तेवढी तुझी इज्जत राखलो.

पैशाशी तुझं भांडण नाही, माझ्याशी आहे. मग माझ्याशी भांड की. फुलाला मधी कामून ओढायलास?

आईचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पंढरी आला होता म्हणते, म्हणजे तू, उंबऱ्यात अर्धा तास बसला, बूट काढले नाहीत, अन् सांगून गेला की चौदा एप्रिलची जयंती झाली की फुलाला लातूरला नेणार, नगरपालिकेच्या शाळेत घालणार. माझी बहीण कुणाच्या शेतात शेण काढून शिकणार नाही म्हणला.

फुला अकराची झाली. दुसरीत तीन वर्षं बसली. गावच्या शाळेत मास्तर तिला दाराबाहेर उभी करायचा अन् ती उभीच राहायची. मधल्या सुट्टीत बी हलायची नाही, कारण आता हल असं कुणी म्हणायचं नाही. पुस्तकातली अक्षरं तिला मुंग्यांसारखी पळताना दिसतेत. मला बी दिसायची. लहानपणी तुला तसं सांगितलो होतो, तर कानाखाली देऊन म्हणालास, मुंग्या दिसतेत तर डोळे धू. कंदिलापाशी बसवून तू मला पाढे शिकवलास. नवाचा पाढा आजबी म्हणलो की गाल गरम होतो.

दिवाळीनंतर आईनं तिला धोंडप्पा गुरुजींच्या शेतावरच्या शाळेत नेऊन सोडली. आता ती बोलायलीय. शनिवारी घरी आली की भाकरी थापताना आईला विचारते, एका पायलीत किती मुठी ज्वारी बसती सांग. आईला आलं नाही तर हसते. फुला हसते, दादा. तुझ्या कचेरीत ह्याची नोंद करायला एखादं रजिस्टर असलं तर कर.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. बापानं दुसऱ्याच्या बांधावर जिंदगी घातली. आपल्या माणसाला त्या मातीतून वर काढायला बाबासाहेबांनी एवढं केलं, अन् तुम्ही पुस्तक ठेवून परत मातीत हात घालायलात, वरून त्याला शाळा म्हणायलात. तू रोज दोन कोस चालत जाऊन मॅट्रिक झालास. जिल्हा नवा झाला, कचेरी नवी झाली, तुला टेबल मिळालं, टेबलावर काच मिळाली. ते कुणी हिसकून घेत नाही. पण सगळ्यांचे डोळे तुझ्यासारखे नाहीत.

अन् पुरावा कशाचा दाखवलास आईला? माझ्याच कार्डाचा! गेल्या मे महिन्यात धर्माबादहून टाकलेलं. माझी बाकीची पत्रं चुलीत घातली असशील, अन् तेवढं एक जपून ठेवलास. त्यात काय लिहिलो होतो ते मला धड आठवत बी नाही. तेव्हा मिरचीच्या बाजारात पोती उचलायचो, दिवसभर डोळ्यांची आग, काय लिहिलं अन् काय नाही.

हाक आली. गाडी लावायची आहे. फुलाला तिथंच राहू दे.

व्यंकटी


गुत्तीच्या वाटेवर, आंध्रात
२७ फेब्रुवारी १९८६

दादास जय भीम.

तुझा कागद मिळाला. वर कचेरीचा जावक नंबर तेवढा टाकायचा राहिला बघ. माझ्या कार्डाची नक्कल तू तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात केलीस अन् खाली लिहिलास, हे तुझेच शब्द ना? हाव, माझेच. "तिथं आपल्या लेकरांना राबवून घेतेत. बापानं केलं तेच करायला लावतेत. मी तिथं राहत न्हाई." तुझ्या अक्षरात वाचलं तर कुणी दुसऱ्यानंच लिहिल्यासारखं वाटलं.

आता माझं ऐक. तू त्या शाळेच्या फाटकाच्या आत एकदा बी पाऊल टाकला नाहीस. मला सोडायला आलास तेव्हा सुद्धा बाहेरूनच परत गेलास, म्हणालास एसटी चुकंल. त्या वेळेला एसटी नव्हती.

तिथं बावीस लेकरं होती. सगळी कुठून ना कुठून काढून दिलेली. कुणी तीनदा नापास, कुणी तोतरा, कुणी मास्तरला दगड मारून पळालेला. अहमदपूरचे लोक नापासांची शाळा म्हणून हसायचे. गुरुजींनी झेडपीची नोकरी सोडली अन् आपल्याच नऊ एकरांत ही पोरं गोळा केली. प्रत्येकाला एक वाफा. वाफ्याची लांबी मोज, रुंदी मोज, किती बी लागंल सांग, मग पेर. चुकलास तर बी उरतं नाहीतर कमी पडतं, कुणी मारत नाही. वाफ्यापुढं पाटी, तिच्यावर ज्यानं त्यानं लिहायचं. मेथी हे मी लिहिलेलं पहिलं नाव. ते पळालं नाही दादा. समोर मेथी उभी होती ना, अक्षर तिला धरून उभं राहिलं.

शेण काढावं लागायचं, ते खरं. पण पाळी होती, अन् सोमवारची पाळी गुरुजींची स्वतःची. गौरम्माकाकू, म्हणजे गुरुजींच्या घरच्या, ओसरीवरून ओरडायच्या, "अहो, नीट भरा की पाटी, लेकरं बघायलीत!"

माझ्याकडं कोणतं काम होतं ते तुला कधी सांगितलो नाही. विहिरीची दोरी माझ्याकडं होती. अंबाडीची दोरी, टोकाला दगड, अन् दगडापासून वर हातहातभर अंतरावर गाठ. सकाळी विहिरीत सोडायची, दगड तळाला टेकला की ओढायची अन् भिजलेल्या गाठी मोजायच्या. नऊ गाठी भिजल्या म्हणजे नऊ हात पाणी. फळ्यावर नऊ लिहायचं. भाजीला किती द्यायचं, रोपांना किती, बैलांना किती, आंघोळी एक दिवसाआड की दोन, सगळं त्या आकड्यावर. रोज सकाळी बावीस लेकरं माझ्या तोंडाकडं बघायची.

गावात आपल्या बायकांच्या घागरीत पाणी वरून ओततेत, वीतभर अंतर ठेवून. तू बघितलास, मी बी बघितलो. अन् गुरुजींनी, लिंगायताच्या माणसानं, आपल्या विहिरीची दोरी माझ्या हातात दिली. शेजारचे बांधावर येऊन म्हणले, "धोंडप्पा, विहीर बाटवायलास." गुरुजी म्हणले, "आटली तर बाटायला काय राहील? मोजू द्या त्याला."

हे काय राबवून घेणं आहे का?

मग कार्डात तसं कामून लिहिलास, असं विचारशील. उन्हाळा होता. डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या दोरीचं पुढं काय झालं ते राहू दे.

व्यंकटी


अनंतपूर जिल्हा, गावाचं नाव अजून कुणी सांगितलं नाही
१६ मार्च १९८६

दादा, तू एका ओळीचा माणूस झालास. "तिथून का पळालास ते खरं सांग, मग बोलू." मामलेदार झाल्यावर अर्धी ओळ लिहिशील.

सांगतो. तिथं भाकरी कमी पडायची. नाही, खोटं, गौरम्माकाकू तिसरी भाकरी न विचारता टाकायच्या. पहाटे उठवायचे. ते इथं बी उठवतेत. रामकिशन नावाचं पोरगं झोपेत लाथा मारायचं. हे खरं आहे पण ह्याच्यापायी कुणी पळत नाही. माझा पायच एका जागी ठरत नाही असं समज. इथं बी चार दिवस एका गावात झाले की अंगावर मुंग्या चढतेत. परवा डिझेलचा ट्रक गुजरातेत निघाला होता, चढणार होतो, तेवढ्यात चन्नबसप्पानं कॉलर धरली. चन्नबसप्पा आमचा डिलर, म्हणजे बोअर मारणारा मुख्य माणूस, बिदरकडचा. म्हणला, "तू गेलास तर रॉड कोण मोजणार रे?" मी वीस-वीस फुटी रॉड उचलून देतो अन् किती खाली गेले ते ध्यानात ठेवतो. कागदावर मांडायला गेलो तर चुकतो, म्हणून सुतळीला गाठी मारतो. एक रॉड, एक गाठ. सगळ्या गाड्यांवर माझा हिशोब पक्का म्हणतेत.

इकडं बी दुष्काळ आहे. जमीन तव्यासारखी, माणसं गाडीमागं पळत येतेत, आधी आमच्या रानात, आधी आमच्या रानात. दोनशे फूट जातो, धूळ निघते. अडीचशे जातो, धूळ. मालकीण पदर तोंडाला लावून बसलेली असते. धूळ ओली झाली की सगळं गाव ओरडतं. ओली होत नाही तेव्हा आम्ही रॉड वर काढतो अन् निघतो. कानात दिवसभर हॅमर वाजतो, गाडी बंद झाली तरी वाजतो.

फुलाचा लिफाफा आला. आत चिठ्ठी नाही. एक दोरा, त्याला सात गाठी. मागल्या महिन्यात असाच आला होता त्याला नऊ होत्या, तुला सांगितलो नव्हतो. लिफाफ्यावर पत्ता गौरम्माकाकूंचा, पण कोपऱ्यात फुलानं स्वतःचं नाव लिहिलंय. फु मोठा, ला बारका. सगळी अक्षरं आहेत.

विहिरीची दोरी आता तिच्याकडं आहे.

तू रविवारी एकदा जाऊन ये ना. फाटकाच्या आत जा. तिला म्हण, फुले, किती हात पाणी आहे? ती सांगंल. तेवढं ऐकून ये, मग ने नाहीतर ठेव.

व्यंकटी


अनंतपूर जिल्हा
३० मार्च १९८६

दादा, आज पत्र लिहायचं नव्हतं. हात दुखतोय, बोटाचं नख गेलंय, पण राहवत नाही.

एजंटाचा दस्तूर तुला माहीत नसंल. फुटावर पैसे असतेत. तेरा रॉड गेले की पंधरा सांगायचे. बोअर कोरडी गेली की तर सांगायचेच, कारण शेतकरी तसाच सुन्न असतो, कोण मोजतंय. तोंडानं सांगायचं काम माझ्याकडं, कारण सुतळी माझ्याकडं. मी सांगायचो. लई वेळा सांगितलो. सगळेच करतेत असं म्हणायचो अन् झोपायचो.

काल एका म्हातारीच्या रानात मारली. एकटीच, दोन शेळ्या, चार एकर. बोअर कोरडी. तेरा रॉड. चन्नबसप्पानं माझ्याकडं बघितलं, मी म्हणलो, "पंधरा." म्हातारी रडली बिडली नाही. म्हणली, "बरं. मोजते."

आम्ही हसलो. दोनशे-तीनशे फूट ही कशानं मोजणार? ती गावात गेली अन् तासाभरात गावातल्या जेवढ्या होत्या तेवढ्या दोऱ्या घेऊन आली. बैलांचे कासरे, पोहऱ्यांच्या दोऱ्या, कुणाच्या पाळण्याची दोरी. मागून बायका, पोरं, एक लंगडा कुत्रा. सगळ्या दोऱ्या टोकाला टोक बांधल्या, खाली दगड, अन् सोडायला लागली. सोडता सोडता शेवट हातात आला, तरी दगड टेकला नाही. तिनं इकडं तिकडं बघितलं. गाडीच्या टपावर माझी वळकटी होती, दोरीनं बांधलेली.

"ती दे."

मी म्हणलो, "अव्वा, ती कामाची नाही." इकडं आजीला अव्वा म्हणतेत.

"लांब हाय का?"

"हाय."

"मग कामाचीच हाय."

चन्नबसप्पाला गंमत वाटायली होती, त्यानंच सोडून फेकली. दगड टेकला. मग तिनं वर ओढायला सुरुवात केली, दोन्ही हात पसरून एक वाव, दोन वाव, अन् सगळं गाव मोठ्यानं मोजायला लागलं. पहिली माझीच दोरी तिच्या हातात आली, अन् दुसऱ्या टोकाला गाठींपाशी ती थांबली. बोटानं चाचपली. वीतभर अंतरावर एक गाठ, परत वितीवर एक, परत वितीवर. अन् वरच्या सगळ्या हातहातभर.

म्हणली, "मोजायची दोरी हाय ही. पण खाली एक माप अन् वर एक माप? ही बी तुझ्यासारखीच बोलती का रे?"

बायका हसल्या. मी बी हसलो, काय करणार.

त्रेचाळीस वाव भरली अन् थोडी वर. पंधरा रॉड असते तर पन्नास भरायला पाहिजे होती. म्हातारी माझ्यासमोर आली. माझ्या छातीइतकी तिची उंची. विचारली, "किती रॉड?" चन्नबसप्पा कन्नडात काहीतरी गुरगुरला. मी म्हणलो, "तेरा." ती म्हणली, "आधी पंधरा म्हणलास ते काय होतं?" मग तिनंच सांगितलं, तेलुगूत, "अबद्धम." खोटं, म्हणजे. मला तो शब्द धर्माबादपासून येतो. तिथं तराजूपाशी दिवसातून दहा वेळा ऐकायचो.

एजंटानं दोन रॉड खोडले, अन् माझा आठवड्याचा पगार बी. संध्याकाळी भात वाढताना चन्नबसप्पा म्हणला, "तुला धड खोटं बी बोलता येत न्हाई, खरं बी बोलता येत न्हाई. तू करणार काय जिंदगीत?"

ती दोरी अजून टपावर पडलीय. वळकटी उघडीच आहे.

तुला सगळं सांगायचं होतं. आज एवढंच.

व्यंकटी


अनंतपूर
५ एप्रिल १९८६

दादास जय भीम.

हे पत्र तुला जयंतीच्या आधी मिळायला पाहिजे म्हणून गाडी सोडून मुद्दाम शहरात आलोय. पोस्टाच्या बाकावर बसून लिहायलोय, शेजारचा माणूस वाकून बघायलाय पण त्याला मराठी येत नसंल.

त्या शाळेतून कुणी मला पळवलं नाही, कुणी मारलं नाही, कुणी जात काढली नाही. कार्डात लिहिलो ते खोटं. तू काय वाचून पेटशील ते मला मालूम होतं, म्हणून नेमकं तेच लिहिलो. बापाचं नाव बी त्यात घातलो. ह्याच्यासाठी मार खायला मी लातूरला येईन, तू तारीख कळव.

आता दोरीचं.

गुरुजींचा नियम होता, पाणी पाच गाठींवर आलं की लेकरं आपापल्या घरी, पाऊस झाला की परत. गेल्या वर्षी एप्रिलात सात होतं. त्याच वेळेला तुझं पत्र आलं होतं, आठवतंय? औंदा तुला लातूरला आणतो, पाचवीत बसवतो. मी सतरा वर्षांचा, दादा. मिशी फुटली होती. दहा वर्षांच्या लेकरांच्या बाकावर मी, अन् फळ्यावर मुंग्या. शाळा बंद झाली असती तर मला तुझ्याकडंच यावं लागलं असतं. म्हणून एक दिवस गवताच्या गंजीमागं बसून दोरीच्या खालच्या गाठी सोडवलो अन् वितीवितीवर बांधलो. तीन हात पाण्यात सहा गाठी भिजायच्या. फळ्यावर सहा. गुरुजी स्वतः बघायला आले असते तरी सहाच भिजलेल्या. आले बी नाहीत कधी.

सहा आहे म्हणून भाजीला पाणी चालू, रोपांना चालू, आंघोळी चालू. पंधरा-वीस दिवस मी रोज सहा लिहिलो. लेकरं खूष. रामकिशन तर मला पाण्याचा मामलेदार म्हणायचा.

मग मे महिन्यात एका सकाळी इंजिन सुरू केलं तर पाइपातून चिखल आला अन् मग नुसती हवा. गुरुजी पायऱ्यांनी आत उतरले. मी काठावर. ते तळाला उभे होते, पाणी त्यांच्या पोटऱ्यांना बी लागत नव्हतं. वर बघून म्हणले, "व्यंकटी, दोरी आण रे." रागानं नाही. गणित चुकलं की परत मांड म्हणायचे ना, तसं.

मी दोरी घेतलो, अन् विहिरीकडं जायच्या ऐवजी फाटकाकडं गेलो. चालतच गेलो. पळालो असतो तर कुणी हाक मारली असती. अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती. तिथून धर्माबाद. पुढचं तुला माहीत आहे.

त्या दिवशी दुपारपर्यंत बावीसच्या बावीस लेकरं घरी पाठवावी लागली. प्यायला सुद्धा राहिलं नव्हतं. लोक म्हणले, बघा, बाटवली म्हणून आटली. माझ्यापायी ते बी गुरुजींनी ऐकलं. विहीर साफ करून शाळा परत उघडायला दिवाळी झाली, अन् चार लेकरं परत आलीच नाहीत. रामकिशनला बापानं भोकरच्या बाजूला मेंढरांमागं ठेवला. तो नुकताच जोडाक्षर वाचायला लागला होता. हे मला धर्माबादेत आपल्याच तालुक्यातल्या एका माणसानं सांगितलं, अन् मी दुसऱ्या दिवशी बोअरच्या गाडीवर चढलो.

काल फुलाचा दोरा आला. पाच गाठी. दोनदा मोजलो. म्हणलो झालं, शाळा बंद, आता दादाला न्यायची बी गरज नाही. तर खाली गौरम्माकाकूंनी लिहिलंय, जसंच्या तसं उतरतो. "फुलीनं पाच सांगितलं अन् रडली, आता शाळा मोडती म्हणून. गुरुजींनी भाजी सोडून दिली, आंघोळी बंद, रोपांना तांब्यानं. शाळा चालू हाय. वेळेवर सांगितलं तर काहीतरी करता येतंय. तू नेलेली दोरी तुझ्यापाशीच असू दे, हिला जुने कासरे जोडून दिलेत."

तू नेलेली दोरी. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. तरी आई फुलाला घेऊन गेली तेव्हा घेतली, अन् तेच काम तिच्या हातात दिलं.

मी सांगितलो असतो पाच, तर मला बी असंच झालं असतं का, हे मी कालपासून मनात फिरवायलोय. कदाचित लेकरं दोन महिने घरी गेली असती. मी पाचवीच्या बाकावर बसलो असतो. रामकिशन पुस्तक वाचत असता.

तू तिला माझ्या कार्डावरून काढायलास. ते कार्ड फाडू नको. ह्या पत्राला टाचून ठेव, तुझ्या कचेरीत करतेत तसं, म्हणजे दोन्ही एकदम वाचली जातील. मग शाळेवर जा. बूट काढ. काकू चहा देतील तो घे. फुलाला म्हण, दोरी सोड. भिजलेल्या गाठी तू स्वतःच्या हातानं मोज, अन् फळ्यावर काय लिहिलंय ते बघ. त्याच्यानंतर बी तुला वाटलं की आपल्या बहिणीला ह्या मातीतून काढायला पाहिजे, तर काढ, मी एक शब्द बोलणार नाही. तू शिकलास तसं तिनं शिकावं ही तुझी इच्छा वाईट नाही. फक्त ती खरं सांगायली आहे, अन् मी खोटं सांगितलो म्हणून तिला काढू नको.

माझ्या दोरीच्या खालच्या गाठी काल सोडवलो. वर्षभरात लाकडासारख्या झाल्या होत्या, आणखी एक नख गेलं. हातावर मोजून परत बांधायच्या आहेत, पण ते इथं नाही. गुरुजी आण म्हणले होते, अजून दिली नाही.

आता शेवटचं. परत मनीऑर्डर करायलोय, अन् ह्या वेळेला नकार लिहायच्या आधी हे वाच. ही तुझ्यासाठी नाही. जुने कासरे जोडलेली दोरी तुटंल अन् दगडासकट आत जाईल. अहमदपूरला बाजारात अंबाडीची पक्की दोरी घे, चाळीस हात, दुकानदाराच्या हातानं नाही, तुझ्या हातानं मोजून. तिचे छत्तीस रुपये. गाठी फुलाला मारू दे. अन् एसटीचे, लातूरहून जायचे आठ, यायचे आठ. एका माणसाचे. तिचं अर्धं तिकीट मी ह्यात धरलेलं नाही.

बावन्न रुपये.